झाडांत शिरायचंय ना? मग १२२ ची स्की राहू दे

पत्र:

'ताई, मी मूळचा नाशिकचा, सध्या डेन्व्हरला आयटीत. वय ३६, उंची ५ फूट ७ इंच, वजन ७२ किलो. स्कीइंग इथे आल्यावरच शिकलो. ग्रूमरवर (यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांवर) ब्ल्यू म्हणजे मध्यम आरामात, ब्लॅक म्हणजे अवघडही बहुतेक सगळे करतो. माझ्या स्कीज १६८ सेंटीमीटर लांब आणि मधे ७६ मिलिमीटर रुंद आहेत. गेल्या फेब्रुवारीत स्टीमबोटला रात्रीतून फूटभर बर्फ पडला, ग्रुपच्या मागे अ‍ॅस्पेनच्या झाडांत शिरलो आणि पार वाट लागली. टोकं खाली जात होती, वळायला गेलो की एक स्की इकडे एक तिकडे, मांड्या पेटल्या, वर एक स्की निघून बर्फात गेली ती सापडता सापडेना. आता एक मित्र त्याच्या १२२ रुंद, १८८ लांब स्कीज स्वस्तात देतोय, म्हणतो पावडरमधे, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, जितकी रुंद तितकी मजा. बायको म्हणते गॅरेजमधे आता फक्त एकच नवीन जोडी येईल. पुढच्या फेब्रुवारीत भावाबरोबर गुलमर्गलाही जायचंय. घेऊ का?'
– पावडरवेडा, डेन्व्हर

उत्तर:

अरे पावडरवेड्या, मित्राला गोड बोलून नाही म्हणून टाक. स्वस्त असतील, चांगल्याही असतील, पण तुझ्या उंचीच्या आणि झाडांत नुकत्याच शिरलेल्या माणसाने १८८ लांबीचं ते धूड घेऊन अ‍ॅस्पेनच्या फटींतून जाणं म्हणजे शनिवार पेठेतल्या बोळात ट्रक घालणं आहे. तुला पाहिजे ती मधे १०२ ते ११० रुंद, १७२ ते १७९ लांब, पुढे भरपूर आणि मागे थोडा रॉकर (टोकांचा वर उचललेला बाक) असलेली, फार जड नसलेली स्की. घाईत असशील तर एवढं वाचून दुकानात गेलास तरी चालेल, पण एकच जोडी घ्यायची परवानगी आहे ना, मग पुढचंही वाच.

आधी त्या दिवशी झालं काय ते बघू. तुझी ७६ ची स्की कडक ग्रूमरवर कापत वळायला बनवलेली आहे, पुढचं टोक रुंद, मधे एकदम बारीक, आणि वळणाची त्रिज्या बहुधा १३-१४ मीटरच्या आसपास. ग्रूमरवर हेच तिचं कौतुक, जरा कलवली की सुर्र्कन वळते. मऊ बर्फात मात्र ते रुंद टोक आपल्या मनाने चावायला लागतं, तू सांगितलं नसताना वळायला बघतं, आणि दोन्ही पायांवर वजन अगदी सारखं नसेल (कुणाचंच नसतं, विशेषतः समोर झाड दिसल्यावर) तर एक स्की वळते, दुसरी सरळ जाते. त्यात टोक खाली जातंय म्हटल्यावर माणूस घाबरून मागे रेलतो, मागे रेलला की सगळं वजन मांड्यांवर, आणि टोकांवरचा ताबा संपला. मांड्या पेटल्या त्या म्हणून. यात तुझी चूक निम्मी, स्कीची निम्मी, आणि स्कीची निम्मी आपण बदलू शकतो.

आता रुंदी. मी बसून ढोबळ हिशोब केला. तुझ्या १६८ लांब ७६ च्या ऐवजी १७८ लांब, मधे १०६ असलेली स्की घेतलीस तर बर्फावर टेकणारं क्षेत्रफळ जवळपास एक तृतीयांशाने वाढतं. हा फरक पहिल्याच वळणाला कळतो, अगदी लिफ्टवरून उतरल्या उतरल्या कळतो. पण १०६ वरून मित्राच्या १२२ वर गेलास तर आणखी पाचवा हिस्साही वाढत नाही, त्यातलाही काही भाग नुसत्या लांबीचा. म्हणजे पहिल्या तीस मिलिमीटरने काम होतं आणि पुढच्या सोळा मिलिमीटरची किंमत तू झाडांत मोजणार, कारण रुंद स्की या काठावरून त्या काठावर आणायला वेळ लागतो, आणि दोन झाडांच्या मधे वेळ हीच एक गोष्ट नसते.

शिवाय तू कुठे स्की करतोस ते बघ ना. स्टीमबोटचा बर्फ हलका, 'शॅम्पेन पावडर' हा तर त्यांनी चक्क ट्रेडमार्क करून ठेवलाय. कोलोरॅडोत साधारण १५ इंच ताज्या बर्फाचं १ इंच पाणी होतं, कॅलिफोर्नियात किंवा वॉशिंग्टनकडे समुद्राजवळचा बर्फ याहून बराच जड, तिथले लोक त्याला सिमेंट म्हणतात ते उगाच नाही. जड बर्फात बारीक स्की म्हणजे शिक्षा. हलक्या बर्फात मात्र थोडं बुडालास तरी बिघडत नाही, उलट बर्फ गुडघ्याशी, मांडीशी उडत असतो त्यातच मजा आहे, पूर्ण वर तरंगायचं असेल तर मग ग्रूमर काय वाईट. हेलिकॉप्टरने अलास्कात उतरून उघड्या उतारावर सुसाट सुटणाऱ्यांना १२२ लागते, त्यांना वळायचंच नसतं फारसं.

आणि पावडर डे म्हणजे दिवसभर पावडर असं थोडंच आहे! शनिवारी अकरा वाजेपर्यंत सगळं तुडवलेलं असतं. झाडांत बर्फ जास्त टिकतो हे खरं, वारा लागत नाही, ऊन कमी, पण झाडांत सगळे त्याच त्याच फटींतून जातात, त्यामुळे खोडांच्या मधे नाली पडते आणि दुपारपर्यंत तिचे उंचवटे होतात. स्टीमबोटच्या शॅडोज किंवा क्लोझेटमधे वर मस्त मऊ लागतं आणि खाली गर्दीच्या भागात गचके. मग खाली लिफ्टपर्यंत ग्रूमर. तुझी एकुलती एक जोडी या सगळ्याला पुरली पाहिजे, नुसत्या सकाळच्या पहिल्या तीन रनना नाही. कडक ग्रूमरवर १२२ ची स्की काठावर उभी करायला जो जोर लागतो तो गुडघ्यावर येतो, छत्तिशीत गुडघे जपावेत.

खरं सांगू का, मिलिमीटरवर लोक जेवढं भांडतात त्याच्या निम्मं जरी आकारावर बोलले तरी बरं होईल. झाडांत तरंगणं दुय्यम, स्की मनात आलं की फिरवता येणं पहिलं. दोन खोडांच्या मधे अचानक तिसरं दिसलं तर कापत वळायला जागा नसते, तिथे शेपूट सोडवून स्की आडवी घसरवायची, वेग मारायचा आणि पुन्हा सरळ सुटायचं. हे जमण्यासाठी टोक आणि शेपूट बर्फातून वर उचललेलं पाहिजे, त्यालाच रॉकर म्हणतात. पायाखाली मात्र थोडा कॅम्बर, म्हणजे मधे कमानीसारखा वर उचललेला बाक, असू दे, ग्रूमरवर पकड त्याचीच. ही कल्पना आज कुठल्याही दुकानात दिसते पण फार जुनी नाही. शेन मॅकॉन्की नावाचा अवलिया अलास्कात चक्क वॉटरस्की लावून बर्फावरून उतरला होता, पाण्यावर तरंगायची स्की बर्फावर का नको हा त्याचा प्रश्न. त्यातून २००२ च्या सुमारास व्होलंट कंपनीची स्पॅच्युला आली, कॅम्बरच्या पूर्ण उलट्या बाकाची, आणि कडेचा आकारसुद्धा उलटा, मधे रुंद आणि टोकांकडे निमुळती. लोक हसले होते. आज प्रत्येक पावडर स्कीत तिचा थोडा तरी अंश आहे.

दुकानात हे ओळखायचं कसं ते सांगते, सेल्समनला विचारायचीही गरज नाही. दोन्ही स्कीज तळाला तळ लावून उभ्या धर. मधे फट दिसेल, तो कॅम्बर. आता मधे हाताने दाबून ती फट बंद कर आणि पुढून बघ, दोन्ही तळ कुठून वेगळे व्हायला लागतात. तुझ्या आत्ताच्या स्कीत ते अगदी टोकाजवळ होत असेल. तुला हवं ते टोकापासून साधारण २५-३५ सेंटीमीटर आधीपासून, हळूहळू उघडत जाणारं. मागेही बघ, तिथे याच्या निम्मं असलं तरी भागतं. मग स्कीचा सर्वात रुंद भाग कुठे आहे ते बघ, अगदी टोकाशी असेल तर सोड, टोकापासून जरा मागे आणलेला असेल आणि पुढे निमुळती होत गेली असेल तर चांगलं, ते मघाशी म्हटलं ते चावणं कमी होतं. शेवटी एका हातात टोक, शेपूट जमिनीवर, आणि दुसऱ्या हाताने मधे दाब. पुढचा भाग सहज वाकला पाहिजे, पायाखालचा भाग नाही. आख्खी पट्टी लोखंडासारखी वाटली तर आत धातूचे जाड थर आहेत, त्या वेगात धावणाऱ्या जड लोकांच्या, ७२ किलोच्या माणसाला त्या झाडांत दमवतात. वळणाची त्रिज्या वर छापलेली असते, १७ ते २० मीटर असली की झालं.

लांबी. रॉकरमुळे कडक बर्फावर स्कीचा टेकणारा भाग कमी होतो, म्हणून १७६ ची रॉकरवाली स्की तुझ्या १६८ पेक्षा फार लांब वाटणार नाही, घाबरू नकोस. पण डोक्याच्या वर हातभर जाणारी नको. १७२-१७३ की १७८-१७९ असा पेच पडला तर तुझ्या वजनाला आणि झाडांसाठी मी छोटी घेईन, उघडे उतार जास्त करत असशील तर मोठी. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी खटकी, कंपनीच्या खुणेवरच बसव. पुढे सरकवली तर स्की पटकन फिरते पण टोक खाली जायला लागतं, आणि तुझी तक्रार तर तीच आहे.

नावं पाहिजेत ना? सगळ्यांना नावंच पाहिजे असतात. सॅलोमनची क्यूएसटी १०६ ही अगदी तुझ्यासारख्याची स्की, सगळीकडे चालते, कुठेही त्रास देत नाही. ब्लिझर्डची रसलर १० जरा जास्त चपळ आणि ग्रूमरवर जास्त पक्की. अटॉमिकची बेंट ११० हलकी आणि खेळकर, झाडांत फारच मजेशीर, फक्त तुडवलेल्या कडक बर्फात थोडी उडते. याच्या पलीकडे जायचंच असेल तर सॅलोमनची क्यूएसटी ब्लँक, ११२, ती माझ्या मते तुझी वरची मर्यादा. मला एकच निवडायला सांगितली तर क्यूएसटी १०६, कारण घरात एकच जोडी येणार आहे आणि हौस फिटल्यावरही ती वापरात राहील. पण माझ्यावर विसंबू नकोस. सीझनमधे एखाद्या बर्फाच्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी डेमो (वापरून बघायला मिळणारी स्की) घे, सकाळी एक, जेवणानंतर दुसरी. डेमोचं बाइंडिंग मागे-पुढे सरकणारं असतं म्हणून जड असतं, तेवढं मनातून वजा करायचं. आणि कडक बर्फाच्या दिवशी डेमो घेऊन 'ही वळतच नाही' असं कृपया लिहू नकोस मला.

बुटांचं एकदा तपास. तुझे बूट अजून भाड्याचे किंवा एक साइज मोठे असतील तर या सगळ्या पैशांतून आधी बूट घे, खरंच. टाच आत उचलली जात असेल तर पाय फिरतो आणि स्की फिरत नाही, मग १०६ घे नाहीतर १५० घे. बुटाचा तळवा ग्रिपवॉकचा (चालायला सोपा, रबरी) असेल तर बाइंडिंग त्याला चालणारं आहे ना ते दुकानदाराकडून बघून घे. डीआयएन, म्हणजे बाइंडिंग किती जोराला सुटेल तो आकडा, टेक्निशियनला लावू दे, वजन आणि लेव्हल खरी सांग, पावडरमधे स्की निघते म्हणून स्क्रू स्वतः आवळत बसू नकोस, झाडांत स्की वेळेवर निघणं हे पायाच्या हाडासाठी चांगलंच असतं.

निघालेली स्की शोधायचं तंत्र मात्र शिकून घे. बहुतेक जण जिथे पडून थांबतात तिथेच उकरत बसतात. तू गडगडत खाली आलेला असतोस, स्की वरच राहिलेली असते. जिथे पहिल्यांदा तोल गेला तिथपर्यंत चढ, तिथे पोल (हातातली काठी) रोव, मग दुसऱ्या स्कीचं शेपूट उताराला आडवं बर्फातून फिरवत जा, खट्ट लागलं की सापडली. नाहीतर भडक रंगाच्या लांब फिती मिळतात पावडर स्ट्रॅप म्हणून, एक टोक बाइंडिंगला, बाकीची घडी पँटच्या खालच्या कडेत खोचायची. दिसायला येडपट, पण वीस मिनिटं ग्रुपच्या शिव्या खाण्यापेक्षा बरं.

झाडांत शिरण्याआधी पोलचे पट्टे मनगटातून काढ, हे विसरायचं नाही. पोलची चकती फांदीत अडकली आणि पट्टा हातात असला तर खांदा जातो. आणि ट्री वेल, म्हणजे झाडाच्या खोडाभोवतीचा बर्फातला खड्डा, माहितीये ना? अ‍ॅस्पेनची खोडं उघडी असतात म्हणून तिथे फारसा प्रश्न नाही, पण स्टीमबोटला फर आणि स्प्रूसही भरपूर आहेत. त्यांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, खोडाभोवती पोकळी राहते, वरून सगळं सपाट दिसतं, आणि माणूस बहुतेक वेळा डोकं खाली करून त्यात जातो, वरून फांद्यांवरचा बर्फ अंगावर. स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खड्ड्यांत सोडून प्रयोग झालेत, ९० टक्के लोकांना आपलं आपण बाहेर येता आलं नाही. म्हणून झाडांत एकटं जायचंच नाही, आणि जोडीदार म्हणजे 'खाली लिफ्टवर भेटू' म्हणणारा नव्हे, दर काही वळणांनी थांबून दिसणारा. जॅकेटच्या चेनला शिट्टी बांधून ठेव, खिशात नको, उलटं लटकलेल्या माणसाला खिसा उघडता येत नाही. फांद्या जमिनीपर्यंत आलेलं झाड दिसलं की लांबून जा. आणि बघायचं ते झाडांकडे नाही, मधल्या पांढऱ्या जागेकडे, नजर जिथे तिथे स्की जाते.

गुलमर्गला हीच जोडी ने, भाड्याने रुंद आणि धड अवस्थेतल्या स्कीज मिळतीलच अशा भरवशावर जाऊ नकोस. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाटवर जवळपास १३,००० फुटांपर्यंत नेतो, डेन्व्हरला राहून तुला उंचीची थोडी सवय असेल, भाऊ पुण्याहून थेट येणार असेल तर त्याला दोन दिवस खालीच राहू दे. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, अमेरिकेतल्या रिसॉर्टमधे हद्दीच्या दोरीच्या आतला सगळा भाग स्की पेट्रोलच्या (सुरक्षा पथकाच्या) लोकांनी बघितलेला असतो. गुलमर्गला गोंडोलाखालचा मुख्य बोल (वाटीसारखा उतार) सोडला की बाकी सगळा डोंगर मोकळा आहे, हिमस्खलनाची जबाबदारी तुझी. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि स्थानिक गाइड, चारातलं एक जरी नसेल तर मुख्य बोलमधेच राहा. खाली टंगमर्गकडे, बाबा रेशीकडे उतरणारी झाडी सुंदर आहे पण ती पाइन आणि फरची, म्हणजे मघाचं ट्री वेलचं सगळं तिथे जास्त लागू.

खरेदी मार्च-एप्रिलमधे कर, सीझन संपताना दुकानं जुनी मॉडेल्स काढतात आणि दर वर्षी बदलतो तो बहुधा वरचा रंग. वापरलेली घेणार असशील तर वरून बाइंडिंगची जुनी भोकं मोज, एकदा आधी बसवलेली असेल तर चालतं, दोनदा झालेली असेल तर नव्या भोकांना जागा उरते का ते दुकानदाराला विचार, तिसऱ्यांदा नको. कडेच्या लोखंडी पट्टीला तडा असेल किंवा तळाला आतलं लाकूड दिसेल इतकं खोल खरचटलेलं असेल तर स्वस्त असली तरी सोड. आणि १०६ च्या स्कीला ब्रेक ११० रुंदीचे घे, तुझ्या जुन्या बाइंडिंगचे ब्रेक त्यावर बसणार नाहीत, हा खर्च बायकोला आधीच सांगून ठेव.